इसार घेतलेलं लग्न

आमच्या घरात आम्हाला पाय पसरून झोपायला जागा नव्हती, पण अख्खं गाव बसवता येईल एवढ्या सतरंज्या होत्या. महागावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत बाबांचं बिछायत केंद्र होतं. आमच्याकडे बिछायत म्हणजे लग्नकार्याला भाड्याने मिळतं ते सगळं: मंडपाचे बांबू आणि कापड, लोखंडी खुर्च्या, गंज, कढया, पराती, पाण्याचे ड्रम, गॅसबत्त्या, आणि पुढेपुढे भोंगा. पुढे दुकान, मागे गोदाम आणि मधे जी दोन खोल्यांची फट उरली होती तिला आम्ही घर म्हणायचो. तेही भाड्याचं. लग्नसराईत ही फटसुद्धा भरून जायची. पराती पलंगाखाली जायच्या, झारे दाराच्या मागे, आणि माझी पुस्तकं एका पालथ्या गंजावर. त्या गंजात पाय दुमडून मी लहानपणी आंघोळ केलेली होती, आणि त्याच गंजात दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचं वरण शिजायचं. कुणाला काही वाटत नसे. घरचं कोणतं आणि धंद्याचं कोणतं, हा प्रश्नच आम्हाला कधी पडला नव्हता. तो कोर्टाने पाडला.

भांडी परत आली की मागच्या अंगणात आई आणि दोन बाया राख आणि चिंच घेऊन बसायच्या. तो खरखर आवाज माझ्या बालपणाचा आवाज आहे. आईचा कान इतका तयार होता की रस्त्यावर गाडीतून भांडं पडलं तर ती आतूनच सांगायची, कढई गेली, पोचा आला असेल बघा. भांड्यांबरोबर कधीकधी जेवणही यायचं. आलू-वांग्याची भाजी, जिच्यावर तेलाचा लाल थर असायचा, थंड झालेली बुंदी, ड्रमच्या तळाशी उरलेला मठ्ठा. दुसऱ्यांच्या लग्नाचं जेवण आम्ही शिळं करून इतकं खाल्लं की आजही मला लग्नातली भाजी ताजी आवडत नाही. माझ्या सुना हसतात. हसू देत.

बाबांना सगळे गणपतभाऊ म्हणत. उंच, काटकुळे, तोंडात सदा सुपारी. त्यांच्या धंद्याची रीत साधी होती. लग्न ठरलं की मुलीचा बाप नारळ आणि इसाराचे थोडे पैसे घेऊन यायचा. बाबा नारळाला हात लावायचे, इसार खिशात टाकायचे, आणि लग्नाची ती तिथी त्या घराची झाली. लिहिणं नाही, पावती नाही. बाकीचं भाडं लग्न उरकल्यावर आहेराच्या पैशातून मिळायचं, कधी महिन्याने, कधी कापूस विकल्यावर. आई कधी कधी म्हणायची की दोन ओळी लिहून घेत जा. बाबा म्हणायचे की माणूस पोरीच्या लग्नाचं बोलायला आला आणि आपण त्याच्यापुढे कागद सरकवायचा, हे बरं दिसते का. चांगलं दिसण्याचा फार सोस होता त्यांना. हा सोस आम्हाला महाग पडला, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी बाबांची उगाच पूजा करू नये.

बुडालो ते एका सभेने. एक मोठे पुढारी येणार होते, त्यांचं नाव लिहिण्याची माझी इच्छा नाही, ते तेव्हाही आले नव्हते आणि आता तर नाहीतच. सभेचा मंडप गणपतभाऊंनीच टाकायचा असं तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी ठरवलं आणि बाबा फुगले. नवीन शामियाना, नव्या खुर्च्या, जनरेटर. पैसे एका पतसंस्थेचे, कापड नागपूरच्या व्यापाऱ्याकडून उधार, आणि वरचं पुसदच्या एका सावकाराकडून. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी वावधान सुटलं. नवा शामियाना फाटून बाभळींवर लटकला. पुढाऱ्यांचा दौरा रद्द झाला. कार्यकर्ते म्हणाले, सभाच झाली नाही तर बिल कशाचं? तेव्हापासून रोज सकाळी आमच्या दारात घेणेकरी येऊन बसू लागले. बसायला खुर्च्या आमच्याच, आणि त्यातल्या निम्म्या त्यांच्याच पैशाने घेतलेल्या. आई त्यांना चहा द्यायची. दोन वर्षं तिने त्यांना चहा पाजला.

शेवटी आईचा मामेभाऊ, जो यवतमाळला वकील होता, त्याने नादारीचा अर्ज करायला लावला. त्याला आम्ही वकीलमामा म्हणायचो. त्याने समजावलं ते असं: आपल्याकडे काय आहे आणि कुणाचं किती देणं आहे ते सगळं कोर्टापुढे खरं खरं मांडायचं. कोर्ट माणसाला नादार जाहीर करतं. मग मालमत्ता त्याची राहत नाही, कोर्टाने नेमलेला रिसीव्हर ती ताब्यात घेतो, विकतो आणि घेणेकऱ्यांना वाटून देतो. माणसाची वागणूक स्वच्छ राहिली तर कोर्ट त्याला मुक्तता देतं, आणि उरलेलं कर्ज त्याच्या मानेवरून उतरतं. पुढे मामाने आणखी एक गोष्ट मिळवली. एक छोटा मंडप आणि एका लग्नापुरती भांडी ही बाबांची पोट भरायची साधनं म्हणून शेवटी त्यांना परत द्यावीत, अशी त्याची विनंती होती, आणि रिसीव्हर त्याला राजी होता. तेवढ्यावर पुन्हा उभं राहता आलं असतं. मामाने बाबांना समोर बसवून सांगितलं, "भाऊजी, एक वरीस दम धरा. सीलले हात लावू नका. मुक्तता भेटली का तुमी मोकळे."

रिसीव्हर म्हणजे कुणी राक्षस येईल असं मला वाटलं होतं. आला तो एक तरुण, घामाघूम वकील, पायात नवे चावणारे बूट. कायद्याने घरची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे आणि आईचं मंगळसूत्र सुटत होतं. त्याने आईला विचारलं की यातली घरची भांडी कोणती. आई त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. तिला खरंच सांगता येईना. मग त्यानेच एक पातेलं, एक तवा, चार ताटं अशी वेगळी काढून चुलीजवळ ठेवली, एखाद्या मुलीला भातुकली मांडून द्यावी तशी. माझ्या पुस्तकांचा गंज गेला. पुस्तकं जमिनीवर आली. गोदामाला कुलूप लागलं, कुलपावर कापड आणि कापडावर लाखेचं सील. लाख वितळवायला त्याने आईच्याच चुलीतला निखारा मागून घेतला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत आणि मला त्यांचा रागच आला, कारण ते जेवले नाहीत म्हणून आईही जेवली नाही.

अर्ज करण्याच्या आधी घेतलेले इसार बाबांनी एकेकाच्या घरी जाऊन परत केले. फुलसावंगीचे नामदेवराव तेवढे राहिले. त्यांची तिथे पिठाची चक्की होती. बाबा दोनदा गेले तेव्हा चक्की बंद, नामदेवराव सोयरिकीच्या गडबडीत बाहेरगावी. लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा ते स्वतःच आले, सामान न्यायला बैलगाड्या कधी पाठवू हे विचारायला. त्यांनी सील पाहिलं. त्यांना नादारीचं ऐकून माहीत होतं, पण आपल्या लग्नाशी त्याचा काही संबंध आहे असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं तर बाबांच्याही डोक्यात ते नीट आलेलं नव्हतं. त्या आठवड्यात तिथी दाट होत्या. उमरखेड, पुसद, कुठेही एक कढईसुद्धा मोकळी नव्हती. नामदेवराव आमच्या ओट्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढंच म्हणाले, की भाऊ, मी आता कुठं जाऊ?

ते गेल्यावर आई बाबांना म्हणाली की इसार त्यांच्या हातात ठेवायला हवा होता. बाबा सुपारी कातरत होते.

"इसार वापस देता येते," ते म्हणाले. "तिथ कुठून आणून देऊ त्याले?"

"आन् आपलं काय?"

"आपलं तं झालंच हाये."

"नाई झालं," आई म्हणाली. "एक वरीस रायलं हाये. पोट्टीकडे पाहा जरा."

पोट्टी म्हणजे मी. मी अकरावीत होते आणि मला पुढे शिकायचं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, हे मी शपथेवर सांगते. पाहिलं आणि सुपारी कातरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन वर आलेलं असताना, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत त्यांनी हातोडीने कुलूप तोडलं. गल्लीतले चार जण हात लावायलाही आले. कुणी म्हणालं, शब्दाचा माणूस. आई आत पाठ करून भाकरी थापत होती, आणि ती भाकरी तिने इतकी थापली की ती तिच्या हातात फाटली.

लग्न छान झालं म्हणे. आम्ही गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सामान परत आलं, आईने ते घासलं, आणि बाबांनी ते मोजून गोदामात जसंच्या तसं लावलं. इथवर कुणी काही बोललं नव्हतं आणि कदाचित बोललंही नसतं. पण बाबांनी लाखेचे तुकडे रुमालात बांधले, सकाळची एसटी पकडली आणि यवतमाळला रिसीव्हरच्या ऑफिसात जाऊन तो रुमाल त्याच्या टेबलावर सोडला. मीही बरोबर होते. घराबाहेर त्यांच्यावर कुणीतरी नजर ठेवावी म्हणून आईने मला धाडलं होतं, जसं काही माझ्याने ते थांबणार होते.

"साहेब, कुलूप मी तोडलं," बाबा म्हणाले. "इसार अर्जाच्या आधीचा होता. सामान धुऊन ठेवलं हाये, एक चमचा कमी नाही. भाड्याचे पैसे नामदेवराव देईन, ते तुमी घ्या अन् वाटून टाका."

त्या तरुण माणसाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "गणपतराव, हे तुम्ही मला सांगायलाच नको होतं. आता मला लिहावं लागेल." बाबांना ते कळलंच नाही. खरं सांगितलं की विषय मिटतो, एवढंच त्यांचं कायद्याचं ज्ञान. परतीच्या एसटीत ते हलके दिसत होते. त्यांनी मला दारव्ह्याला थांबल्यावर भजी घेऊन दिली.

रिसीव्हरने लिहिलं. घेणेकऱ्यांचे वकील तुटून पडले: हा माणूस चोरून धंदा करतो आहे, आणखी किती लग्नं केली कोण जाणे. इसार आधी घेतला होता हे सिद्ध करायला कागद नव्हता. सगळं नामदेवरावांच्या शब्दावर होतं. त्यांनी फक्त एवढंच सांगायचं होतं की इसार मी दिवाळीतच दिला होता आणि बाकी भाडं देणं आहे. वकीलमामा म्हणाला होता की एवढं झालं तर जज्जसाहेब ताकीद देऊन सोडतील.

कोर्टात नामदेवराव नवं धोतर नेसून आले. पण बाकी देणं आहे म्हटलं की ते पैसे रिसीव्हरकडे भरावे लागणार, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यांना इसाराचं विचारलं. ते जज्जसाहेबांकडे न बघता पंख्याकडे बघत म्हणाले, "कायचा इसार साहेब? भाडं नाही काही नाही. त्यायनं तसंच देल्लं. घरोबा हाये आमचा."

म्हणजे नादार माणसाने घेणेकऱ्यांच्या मालकीचं सामान, सील तोडून, फुकट वाटलं. यापेक्षा वाईट काही नव्हतं. बाहेर व्हरांड्यात नामदेवराव आमच्याजवळ आले. मला वाटलं पाया पडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. लग्नात हात खाली झाला. तुमचं तं तसंबी बुडालंच हाये." आणि ते खरंच समजुतीच्या सुरात बोलत होते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. आई बोलली. ती म्हणाली, पोरगी सुखी राहो तुमची, आणि तिने पदर असा झटकला की त्या आशीर्वादातलं सगळं पाणी सांडून गेलं.

कोर्टाने शिक्षा दिली, बाबा उन्हाळ्यात तुरुंगात गेले आणि पोळा झाल्यावर आले. वजन अर्धं, आणि सुपारी सुटलेली. परत मिळणारा छोटा मंडप आणि भांडी, ते सगळं गेलं, मुक्ततेचा अर्ज कित्येक वर्षं लांबला. सामानाचा लिलाव झाला आणि ते उमरखेडच्या एका बिछायतवाल्याने घेतलं. मग त्यानेच बाबांना रोजीवर ठेवलं, कारण आमचा मंडप कसा उभा राहतो हे बाबांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल रंगात आमचं नाव होतं. नव्या मालकाने रंगाचा डबा आणि ब्रश बाबांच्याच हातात दिला. आठवडाभर ते आपलं नाव पुसत बसले, खुर्चीमागून खुर्ची, आणि संध्याकाळी रोजी घेऊन घरी आले.

माझं शिक्षण बारावीला थांबलं. आईने त्या भातुकलीच्या भांड्यांवर तहसीलातल्या बाबूंचे डबे सुरू केले. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी, आठवड्यातून एकदा पाटवडी. मी डबे पोचवायचे. तेव्हा मला शरम वाटायची, आता वाटत नाही, पण तेव्हाची शरम आता गेली म्हणून ती नव्हती असं होत नाही. बाबांचं वेगळंच चाललं होतं. नादार माणसाने उधार घेताना आपण नादार आहोत हे आधी सांगावं लागतं, असं वकीलमामाने त्यांना बजावलं होतं. ते मोठ्या रकमेसाठी होतं. बाबा एक पाव गूळ घेतानाही सांगायचे. किराणावाला वैतागून म्हणायचा, "भाऊ, मले माहीत हाये, साऱ्या महागावले माहीत हाये, तुमी गूळ न्या." आज माझा नातू हप्त्यावर मोबाईल घेतो, हप्ता चुकवतो, कंपनीवाल्यांचा फोन कापतो आणि हसतो. मी त्याला काही सांगत नाही. त्याला कळणार नाही आणि मला सांगताना रडू येईल.

मुक्तता मिळाली तेव्हा माझं लग्न होऊन मला एक मूल होतं. कर्ज उतरलं. बाबा हुकमाची नक्कल घेऊन बँकेत गेले. साहेबाने ती वाचली, चांगली घडी घालून परत दिली आणि सांगितलं की अशा नावावर कर्ज देता येत नाही. मग आईने डब्यांच्या पैशातून जुनी भांडी घेतली. लिलावात गेलेल्याच आमच्या दोन कढया तिला बाजारात सापडल्या, तिने त्यांचा आवाज वाजवून बघितला आणि जास्त पैसे देऊन घेतल्या. वर्षामागून वर्ष, सतरंज्या, बांबू, कापड. सगळं रोखीने. उधार घ्यायचं नाही, उधार द्यायचं नाही. लोक म्हणतात गणपतभाऊ राखेतून उठले. उठले खरे. दुकान पूर्वीपेक्षा मोठं झालं.

एका उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. महागावातल्याच एका शिंप्याच्या भाचीचं लग्न होतं, मंडप आमचा. मुलीला बाप नव्हता, मामाच सगळं करत होता. अक्षता पडल्या. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या गेल्या, वाढपी भाताच्या पराती घेऊन उभे राहिले. तेव्हा बाबा मंडपात आले, मधोमध खुर्ची टाकून बसले आणि वाढप्यांना म्हणाले, थांबा. शिंप्याकडे भाड्यातले थोडे पैसे राहिले होते. तो हात जोडून म्हणत होता की आहेर अजून घ्यायचा आहे, संध्याकाळी घरी आणून देतो. बाबा शांत होते. म्हणाले, "आहेर आता घे. मी बसून राह्यलो." आई चुलाणाजवळून उठून आली आणि म्हणाली, अहो, लोकं पानावर बसले हाये. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

आणि मग भर पंगतीत, उपाशी पाहुण्यांच्या देखत, त्या शिंप्याने नवरानवरीला पाटावर बसवून आहेर घेतला. लोक पानावरून उठून पाकिटं देत होते. नवरी खाली मान घालून बसली होती, तिच्या मामाने तिच्या मांडीवरची पाकिटं तिथेच फाडली आणि हळदीकुंकू लागलेल्या नोटा बाबांना आणून दिल्या. बाबांनी त्या बोटाला थुंकी लावून मोजल्या. मोजून झाल्यावर हात वर केला आणि वाढपी पुढे सरकले.

कुणी रागावलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी पानावरून उठेल. माझ्या शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ भातावर वरण घेता घेता म्हणाले, "गणपतभाऊले आता धंदा समजला." ते मोठ्याने म्हणाले, आणि दोन-चार जणांनी माना डोलावल्या. बाबा तिथून जात होते, त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ते ऐकून बरं वाटलं.